डावा स्पीकर बारीक वाजतो

"हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण असणार? … थांब हं एक मिनिट, हात अडकलाय… अगं वायरीत. टेबलाच्या मागे बसलोय मी. … नाही, पडलो नाही. स्वतःहून बसलोय खाली. थांब, उठतो."

श्यामकांत गुडघ्यावर हात टेकून उठले. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आधी खांदा, मग पोट, मग दुसरा खांदा असे एकेक करून बाहेर आले. कोपराला जळमट लागलं होतं ते लुंगीला पुसलं आणि खुर्चीत बसले.

"हां, बोल. … जेवलो ना. आमटी-भात. … राधाने काल करून ठेवलेली. रविवारी कुठे येते ती. … घेतली गोळी."

माणिकचा फोन रोज यायचा, पण इतर दिवशी तो जेवण आणि गोळी एवढ्यातच आटपायचा. रविवारी दुपारी नात झोपली की ती सावकाश बोलायची. नात झाली म्हणून ती बंगळुरूला लेक रेवती आणि जावई मुकुल यांच्याकडे गेली होती, तीन महिन्यांसाठी. ती नात, शमू, आता शाळेत जाऊ लागली होती. श्यामकांतांची विमा कंपनीतली नोकरी अजून शिल्लक होती म्हणून ते मुलुंडला, आणि रेवतीचं आईवाचून पान हलत नव्हतं म्हणून माणिक तिकडे. भांडण नाही, तंटा नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं होतं.

"टेबलामागे काय म्हणजे… अगं, सांगायचंच होतं तुला. स्पीकर घेतले. … कंप्युटरचे. रेवतीचा जुना कंप्युटर आहे ना, त्याला लावायचे. … आहेत गं, त्याचे दोन आहेत, पण ते असेच. हे चारी बाजूंनी वाजतात. … सराउंड म्हणतात त्याला. पाच छोटे आणि एक मोठा. … सहा, हो. … अगं घर लहान आहे ते मला माहीत आहे, मी राहतो ना इथे."

हे जरा तुटक निघालं तोंडातून. त्यांनी लगेच आवाज खाली आणला.

"तसं नाही गं. ऐक ना, सांगतो. मोठा टेबलाखाली ठेवायचा, तो नुसता घुमतो. एक पडद्याच्या डोक्यावर. एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि दोन आपल्या पाठीमागे. … पाठीमागे म्हणजे, मी खुर्चीत बसलो की स्वयंपाकघराच्या दाराशी येतात ते. एक ठेवलाय तुझ्या पुस्तकांच्या कपाटावर. दुसऱ्याला जागाच नव्हती, तर इस्त्रीचं टेबल उघडलं आणि त्यावर ठेवला. … अगं कपडे कशावर करणार म्हणजे? बाहेर देतो हल्ली इस्त्रीला. … कशाला घेतले… मीटिंगा असतात ना ऑफिसच्या. अनय म्हणाला, चांगले आहेत, घ्या. … अनय गं, क्लेमला बसतो तो."

पलीकडे माणिकने नेमका प्रश्न विचारला. तिच्याशी हा त्रास होता. मुलुंडच्या शाळेत तिने विज्ञान शिकवलं होतं आणि उत्तरातली भोकं तिला चटकन दिसायची.

"बरोबर आहे तुझं. मीटिंगला पाठीमागून आवाज कशाला लागतोय. … मॅच बघायला. मॅचला लागतो. लोक ओरडतात ना, ते मागून आल्यासारखं वाटतं. … हो, मॅचसाठी घेतले म्हण. … काय? … कुठे? … कोणी नाही आलेलं. … अगं कोण घासणार भांडी? राधा नाही येत रविवारी, आत्ताच नाही का सांगितलं? … नाही गं, शप्पथ. कोणी नाही घरात."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईने माउस शोधला. पडद्यावर एक बाई पाठमोरी उभी होती. ती कांदा चिरत होती. मधूनच डाव घेऊन पातेल्याच्या कडेवर आपटत होती, नळ सोडत होती, बंद करत होती. त्यांनी ते थांबवलं.

"आता येतंय का ऐकू? … बघ. म्हणजे स्पीकरच होता. … व्हिडिओ असतात गं असे. कोणीतरी स्वयंपाक करत असतं. … रेसिपी नाही. बोलत नाही ती काही, तोंडही दाखवत नाही. नुसतं तिचं तिचं काम चालू असतं. तीन-तीन तास. … बघत नाही मी, माणिक. बघायचं काय त्यात. लावून ठेवतो. … ऐकायला. पेपर वाचताना."

 श्यामकांतांनी माउस पालथा केला, परत उलटा केला. यातलं काही सांगायचं नव्हतं त्यांना. सकाळी ते पेपर घेऊन बसायचे तेव्हा पाठीमागे ती असायची. कुकरचं झाकण, मिसळणाचा डबा, ओट्यावर पोळपाट ठेवल्याचा आवाज. कधी त्यांनी मान वळवून पाहिलं नव्हतं, इतकं ते धरून चाललेलं होतं. ती गेल्यावर पहिले काही महिने त्यांनी टीव्ही लावून पाहिला. पण टीव्ही समोरून बोलतो. पाठीमागचं घर तसंच राहतं. मग एक दिवस कँटीनमध्ये समोर बसलेल्या अनयने आपल्या घरच्या स्पीकरांचं वर्णन केलं, की काका, मागे दरवाजा वाजला तर आपण वळून बघतो. श्यामकांतांनी त्याच संध्याकाळी ते मागवले.

"ते राहू दे. ऐक ना, खरी गंमत पुढेच आहे. डावा स्पीकर बारीक वाजतोय. … डावीकडचे दोन्ही. समोरचाही आणि मागचाही. … हो, लावले बरोबर. हिरवी वायर हिरव्यात, काळी काळ्यात, केशरी केशरीत. इतकं कळतं मला. कंप्युटरमध्ये पण सांगितलं की बाबा पाच स्पीकर आहेत. आणि तिथे तपासायचं बटण असतं. दाबलं की एकेका स्पीकरमधून टुंग वाजतं, आणि कुठला वाजतोय ते चित्रात दिसतं. तर उजवा खणखणीत. मधला ठीक. उजवीकडचा मागचा तर इतका स्पष्ट, की दचकलो मी पहिल्यांदा. आणि डावे दोन्ही… वाजतात, पण कुठेतरी शेजाऱ्याकडे वाजल्यासारखे. डावीकडून येतच नाहीत. तेसुद्धा उजवीकडूनच आल्यासारखे वाटतात. … आता सांग, याला काय सराउंड म्हणायचं? … तेच. परतच करणार आहे. पण आजचाच दिवस आहे परत करायला. आज सांगितलं तर उद्या येऊन घेऊन जातील. नाहीतर पडले गळ्यात."

"… हो, ऐकतोय. बोल."

माणिक 'अहो, ऐका ना' म्हणाली होती. हे 'ऐका ना' श्यामकांतांना ओळखीचं होतं. थोडं खालच्या पट्टीतलं, 'ना' वर किंचित थांबणारं. रेवतीची रजा शिल्लक नाही हे सांगताना तसं आलं होतं. सांभाळायला ठेवलेली बाई सोडून गेली तेव्हाही आलं होतं. दिवाळीला नक्की येते म्हणाली होती आणि मग आली नव्हती, त्याही आधी ते आलं होतं. पुढचं वाक्य काय असणार ते त्यांना न ऐकताच कळलं, आणि ते आज लगेच ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"थांब, थांब. ते सांग मग. आधी हे बघू. तूच सांग मला, दोष कुठे आहे ते कसं शोधायचं? … हो, फोन स्पीकरवर टाकतो, हात मोकळे लागतील. … येतोय आवाज? … हां. मलाही येतोय. … जवळ जाऊन? गेलो होतो ना. जवळ गेलं की नीट वाजतो. तेच तर कळत नाही. वाकून कान लावला, तर झकास. खुर्चीत येऊन बसलो, की गेला."

माणिकने पलीकडून सांगितलं तसं त्यांनी करायला घेतलं. डावा डबा उचलून उजवीकडे ठेवायचा, उजवा डावीकडे. वायरी लांबवर पुरत नव्हत्या, तेव्हा पुन्हा टेबलाखाली जावं लागलं. श्यामकांतांना बरं वाटत होतं. पंखा फिरत होता, माणिक टेबलावरच्या फोनमधून सूचना देत होती, ते 'हो' आणि 'थांब गं जरा' म्हणत घरभर फिरत होते. पूर्वी दिवाळीत माळ लावताना असंच चालायचं. ती खालून सांगायची, ते स्टुलावर.

"झालं. समोरच्या दोघांची अदलाबदल केली. … मागच्यांची पण? … बरं. … केली. आता बसतो. बटण दाबतो हं. … शू. … हे बघ, जो मघाशी बारीक वाजत होता तो आता उजवीकडे आणलाय, तर तो चांगला वाजतोय. आणि जो चांगला होता तो डावीकडे ठेवला, तर तो गेला. … म्हणजे डबे चांगले आहेत दोन्ही. … जागेचा दोष? म्हणजे कोपरा आवाज खातो असं म्हणतेस? … पडदा आहे ना खिडकीला. … नाही, बाजूला केला पडदा. … परत दाबलं. … तसंच गं."

आता माणिक जरा थांबून बोलत होती.

"… कानात शिट्टी? … शिट्टी नाही, तो फ्रिजचा आवाज. बारीक सूं करतो तो हल्ली. रात्री जास्त येतो. मी त्या फ्रिजवाल्याला बोलावून आणलं होतं, तर तो म्हणे काही नाही झालेलं. त्याला ऐकूच येत नव्हता. … ऑफिसात? ऑफिसात कुठून फ्रिज. … ऑफिसात पण येतो, हो. एसीचा असेल. … का? … अगं पण स्पीकरशी काय संबंध त्याचा?"

"… खुर्ची? फिरवून कुठे? … दाराकडे तोंड. बरं. पडद्याकडे पाठ करून बसू म्हणतेस. मग उलटंच होईल ना सगळं, डावे उजवीकडे येतील. … हो बाई, करतो."

खुर्ची चाकांची होती. त्यांनी बटण दाबलं आणि पायाने जमीन ढकलून गर्रकन वळले. समोर आता दार होतं. दाराला आतून टांगलेली त्यांची ऑफिसची पिशवी होती. मागून टुंग वाजलं. पुन्हा वाजलं. एकेक करून पाचही वाजले.

जो कोपरा आत्तापर्यंत गप्प होता, तो त्यांच्या उजव्या हाताला खणखणीत बोलला. आणि जो खणखणीत होता, तो आता डावीकडे येऊन शेजाऱ्याकडे गेला होता.

 त्यांनी हात मागे नेऊन पुन्हा बटण दाबलं. मग आपणच डाव्या कानाशी बोटं नेली आणि चुटकी वाजवली. बोटांना बोटं लागलेली कळली. उजव्या कानाशी चुटकी वाजवली. टक्. पुन्हा डावीकडे आणली, कानाला जवळजवळ चिकटवून. बोटं नुसतीच एकमेकांवरून सरकली.

टेबलावरच्या फोनमधून माणिक हाका मारत होती. त्यांनी फोन उचलला, तिचा आवाज पुन्हा फक्त स्वतःपुरता केला आणि कानाला लावला. उजव्या.

"हं. … आहे ना, इथेच आहे. … झालं गं, सापडलं. वायर सैल होती. … डावीकडची. आता वाजतोय मस्त. … कुठली म्हणजे? डाव्या स्पीकरची. … हो, अदलाबदल केली होती, बरोबर. … मग उजव्याची असेल. … माणिक, वाजतोय म्हणतोय ना मी. विषय संपला. तू काय सांगत होतीस मघाशी? सांग."

माणिक सांगेना. तिने दुसरंच सांगितलं आणि श्यामकांतांनी ओठ आवळले. नाही म्हटलं असतं तर ते उत्तरच झालं असतं.

"लहान मुलांचे खेळ आहेत का हे? … बरं. बरं, लावतो. डाव्या कानाला. लावला."

त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. फोनची गरम काच कानाच्या पाळीला लागली. आत काहीच नव्हतं. दगडाला लावावा तसा तो फोन त्यांच्या डोक्याला टेकलेला होता.

"हो… येतंय ऐकू," ते म्हणाले.

थोडं थांबले. तेवढ्यात ती एखादं वाक्य बोलली असेल, असा अंदाज धरून म्हणाले, "हो, हो… बरोबर आहे."

आणखी थांबले. "नाही गं, तसं काही नाही. व्यवस्थित येतोय आवाज."

मग फोन उजवीकडे घेतला.

"झालं समाधान? … हॅलो? … माणिक? … बोल ना. … काय? … काय म्हणालीस?"

ते म्हणाले, "काहीच बोलली नव्हतीस?"

"… सगळा वेळ गप्प होतीस."

त्यांनी डोळे मिटले. लाज वाटली, पण तिच्यासमोर पकडलं गेल्याची नाही. एकट्यानेच केवढं बोललो आपण, त्या मुक्या काचेशी, माना डोलवत, 'हो हो' करत. दुसऱ्या कोणी खिडकीतून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय छान गप्पा चालल्यात.

"… नाही ठाऊक. खरंच नाही. मला आत्ता कळलं, तुझ्याबरोबरच. … दुखत नाही. … चक्कर… आली होती एकदा. गणपतीच्या सुमारास. सकाळी उठलो आणि खोली फिरली. झोपून राहिलो त्या दिवशी, मग बरं वाटलं. … तुला काय सांगायचं, उगाच काळजी. पित्त वाटलं मला. … नंतर? नंतर काही नाही. … रिक्षा? ते तुला कोणी सांगितलं? … मीच सांगितलं होतं का? हो, पाच रस्त्याला. अंगावरच आली होती. पण चूक त्याची होती, हॉर्न वाजवायला नको? …"

त्यांचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला.

"वाजवला असेल. डावीकडून आली होती."

माणिक विचारत गेली आणि एकेक गोष्ट सुटी पडलेली होती ती जागेवर जाऊन बसत गेली. अनय हल्ली ऑफिसात तुटक वागायचा. तीनदा हाक मारली तरी साहेब बघत नाहीत, असं तो कोणाजवळ तरी बोलला होता. त्याची खुर्ची श्यामकांतांच्या डावीकडे. खालचे भाऊराव जिन्यात भेटले की काहीतरी बोलून पुढे निघून जायचे आणि श्यामकांतांना वाटायचं, म्हातारा पुटपुटायला लागला. झोपताना ते उजव्या कुशीवर झोपायचे, उजवा कान उशीत. हल्ली झोप फार शांत लागते याचं त्यांना नवल वाटायचं. परवा दूधवाला बेल वाजवून वाजवून परत गेला होता.

"… नाही, कोणाच्याच नाही लक्षात आलं. … अगं, यायला हवं होतं, पण येणार कसं? डावीकडून माझ्याशी बोलतं कोण?"

हे ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. तिने विचारलं, त्यांनी सांगितलं. पण बोलल्यावर त्यांना ते ऐकू आलं, आणि पलीकडे तिलाही आलं असणार, कारण माणिक गप्प झाली. पलंगावर तिची जागा डावीकडची होती. जेवायलाही ती डाव्या हाताशी बसायची, वाढायला सोपं म्हणून. ती इथे असती तर चक्कर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक मारतानाच तिला कळलं असतं.

"… ऐक. … अगं ऐक ना. तू कशाला वाईट वाटून घेतेस? तुझा काय दोष त्यात? … पुसून घे डोळे. शमू उठेल. … हो, जातो. उद्याच जातो डॉक्टरकडे. … झवेर रोडला आहे एक कान-नाक-घशाचा. … सकाळीच. ऑफिसला नाही जात. … उशीर झाला असेल का? … तुला काय वाटतं? … हो, तू डॉक्टर नाहीस. तरी विचारलं. … लगेच जायचं असतं? … म्हणजे तेव्हाच, गणपतीतच. … हं."

"… असू दे. एक तर आहे ना. लोकांचे दोन्ही जातात."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू झाली. ती कुठल्या बाजूला आहे ते समजून घ्यायचा श्यामकांतांनी प्रयत्न केला. रस्ता डावीकडे होता. आवाज उजवीकडून, घराच्या आतूनच येत होता.

"तू काय सांगणार होतीस मघाशी? … सांग आता. 'ऐका ना' म्हणत होतीस. … मे महिन्यापर्यंत? … रेवतीचं प्रमोशन, हो. मुकुलला पण पुण्याच्या फेऱ्या असणार. … मला वाटलंच होतं. … रागावलो नाही. … म्हणूनच तर तुला बोलू देत नव्हतो. स्पीकर, स्पीकर करत बसलो."

ते किंचित हसले. माणिक हसली नाही. ती भरभर बोलू लागली. श्यामकांत ऐकत राहिले आणि मधूनमधून तिचेच शब्द परत करत राहिले.

"मंगळवारचं? … विमानाने? … आणि शमूची शाळा? … रेवतीला काय सांगशील? … तिचं ती बघेल कसं, तिला सुट्टी कुठे आहे… मुकुल घेईल चार दिवस? … नको, कशाला एवढी धाव—"

'कशाला एवढी धावपळ, मी आहे ना इथे ठीक.' त्यांना हे वाक्य पाठ होतं. पहिल्या तीन महिन्यांनंतर म्हटलं होतं, बाई सोडून गेली तेव्हा म्हटलं होतं, दिवाळीला म्हटलं होतं. दर वेळी म्हटल्यावर जरा मोठं वाटायचं, समजूतदार वाटायचं. मग फोन ठेवला की घर असायचं.

"… आहे मी. लाइन आहे. … माणिक, ये तू."

"… हो. ये म्हणालो. मंगळवारी ये."

पलीकडून इतका वेळ काहीच आलं नाही, की त्यांनी फोन कानापासून दूर धरून पडद्यावर आकडे पळताहेत ना ते पाहिलं. पळत होते. ती होती.

"… पहिल्यांदा कसं? मी कधी म्हटलंच नव्हतं? … नाही नाही, दिवाळीला म्हटलं होतं ना मी… काय म्हटलं होतं? … 'जमलं तर बघ'. … हो, तसं म्हटलं असेन. … अगं, त्याचा अर्थ तोच होता. … तुला कसं कळणार, हो, कबूल. … मला वाटत होतं तुझं तिथे मन रमलंय. नातीत. … आणि तुला वाटत होतं मी इथे निवांत आहे. … मी कुठला निवांत? त्या बाईचा कांदा ऐकत बसतो तीन-तीन तास."

आता मात्र माणिक हसली असावी. श्यामकांतांचा चेहरा सैल झाला. डोळ्यांच्या कडा त्यांनी मनगटाने टिपल्या.

"… हो, वाट बघतो. … विमानतळावर येऊ का? … नको तर नको, पण जिन्याशी उभा राहीन. … ऑफिसात उद्या अनयला फोन करून सांगतो, बाबा, मी आखडू नाही, बहिरा आहे. … बरं, नाही म्हणत बहिरा. एका कानाने कमी ऐकू येतं, असं सांगतो. … डॉक्टरकडे एकटाच जाईन. … भाऊरावांना? त्यांना घेऊन गेलो तर मलाच त्यांना जिना उतरवून न्यावं लागेल. … बरं, सांगतो त्यांना. बरोबर या म्हणतो. नक्की."

"… स्पीकर? करतो परत. … ठेवू? का, तुला ऐकायचेत? … तू आल्यावर ठरवू म्हणजे, आजचाच दिवस आहे परत करायला… बरं. राहू दे. ठेवतो."

"… उठली का? आवाज आला मला तिचा. … दे ना. … शमू? हॅलो शमू… मी आजोबा. … झोप झाली? … हो. … हो का? … आजीला मी नेऊ का इकडे थोडे दिवस? … नको? … बरं, मग तू पण ये. … दे आजीला. … काय म्हणाली बघ, नको म्हणाली स्पष्ट. … हो, तू समजाव तिला. जा, दूध दे तिला. … हो. … हो, उद्या डॉक्टर झाले की लगेच करतो फोन. … ठेव आता. … तू ठेव ना. … मी? बरं, मी ठेवतो."

"… माणिक, उजव्याच कानाला आहे हं फोन. काही बोलायचं राहिलं असेल तर बोल."

माणिक बोलली. श्यामकांतांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, 'हं' म्हणाले, आणि मग फोन ठेवला.